पुढचे टायर घासलेत, मागचे जवळजवळ नवे. पावसाळ्याच्या तोंडावर अदलाबदल करू का?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. टायर रोटेशनबद्दल, म्हणजे टायरच्या जागा आपसांत बदलण्याबद्दल, तीन माणसांनी तीन गोष्टी सांगितल्यात, म्हणून इथे विचारतेय.

गाडी २०२१ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल. रनिंग २६ हजारांच्या पुढे. मी कराडला राहते, माहेर चिपळूणचं. रोजचं शाळेत जाणं-येणं गावातल्या गावात होतं, पण पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटाने खाली उतरणं सारखं चालू असतं. टायर गाडीबरोबर आलेलेच आहेत, १६५/८० आर १४, साध्या लोखंडी डिस्कवर (रिमवर). स्टेपनीही त्याच मापाची, ती अजून रस्त्याला लागलेली नाही. रोटेशन आजवर कधीच झालेलं नाही. सर्व्हिसिंगच्या बिलावर तशी ओळही कधी दिसली नाही आणि मलाही कुणी सांगितलं नाही.

परवा हवा भरायला गेले तेव्हा तिथल्या मुलाने दाखवलं की पुढच्या दोन्ही टायरची नक्षी बरीच उतरली आहे. मागचे मात्र अगदी छान आहेत. सर्व्हिसिंगवाले म्हणतात, "पुढचे मागे, मागचे पुढे करून देतो, पावसाळा निघून जाईल." टायरच्या दुकानात सांगितलं, "दोन नवे घ्या, पुढे टाका, मागचे राहू द्या." आमचे दीर म्हणतात की रोटेशन म्हणजे बिल वाढवायचं काम, पुढचे संपेपर्यंत चालवावेत आणि मग बदलावेत.

पाऊस आठ-दहा दिवसांवर आलाय. घाटात पावसात कसं असतं ते तिकडून जाणाऱ्यांना ठाऊक आहे. धुकं, रस्त्यावरून आडवं वाहणारं पाणी, वर मालाचे ट्रक. गाडीत बहुतेक वेळा सासूबाई आणि लेक असतात. त्यामुळे "चालतंय" एवढ्यावर माझं समाधान होत नाही. रोटेशन का करतात हे नीट कळलं तर कधी करायचं ते माझं मला ठरवता येईल. कृपया सविस्तर सांगा.

देशावरचा

तुमच्या दिरांचं बरोबर आहे. चार टायरमधलं रबर काही रोटेशनने वाढत नाही. आज पुढचे दोन बदला नाहीतर रोटेशन करून वर्षभराने चारही एकदम बदला, हिशोब तेवढाच होतो. उलट एकदम चार घ्यायचे म्हणजे खिशाला भार जास्त. मी माझ्या गाडीला पुढचे दोन बदलतो, मागचे बदलतो दुप्पट अंतराने. नवे टायर पुढे टाका, कारण ब्रेक पुढे जास्त लागतो आणि स्टिअरिंगही पुढे आहे. सोपं आहे.

गारगोटीकर

ताई, माझं कोल्हापुरात अलाइनमेंट-बॅलन्सिंगचं, म्हणजे चाकं सरळ करायचं आणि त्यांचं वजन समतोल करायचं, दुकान आहे, त्यामुळे हा रोजचा विषय. पहिल्यांदा एकच सांगतो: तुमच्या गाडीचे पुढचे टायर आत्ता घाईने मागे टाकू नका. रोटेशन चांगलंच आहे, मी गिऱ्हाइकाच्या मागे लागून ते करून घेतो. पण ते फरक पडायच्या आधी करायचं काम आहे. पुढच्या-मागच्यात मोठा फरक पडून गेला, गाडी घाटातली आणि वर पाऊस, मग हिशोब बदलतो.

आधी "का" ते घेऊ. स्विफ्टचं इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे आणि इंजिनची ताकदही पुढच्याच चाकांना जाते. गाडीच्या वजनातला मोठा वाटा त्या दोन टायरवर. वळायचं कामही त्यांचंच. ब्रेक दाबला की वजन आणखी पुढे झुकतं, म्हणजे थांबायचं कामही बरंचसं तेच करतात. कुंभार्ली उतरताना तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रोखून धरता ना, ती रोखसुद्धा पुढच्याच टायरमधून रस्त्यावर उतरते. मागचे दोन वजन वाहतात, थोडा ब्रेक घेतात आणि मागोमाग येतात. त्यामुळे अशा गाडीचे पुढचे टायर मागच्यांपेक्षा बरेच लवकर संपतात, आणि आखूड वळणांमुळे त्यांच्या कडा, ज्याला आम्ही शोल्डर म्हणतो, त्या आधी जातात.

मागचे टायर कमी घासतात, पण ते चांगलेच राहतात असंही नाही. त्यांचं खाणं वेगळ्या तऱ्हेचं असतं. गाडी सपाटीवर उभी करा, हँडब्रेक लावा आणि मागच्या टायरच्या आतल्या कडेवर तळवा ठेवून टायरच्या गोलाईने फिरवा. एका दिशेने हात गुळगुळीत जाईल, उलट फिरवला की नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याची कड बोटांना अडेल, करवतीच्या दात्यांसारखी. ठोकळ्याचं एक टोक उंच, दुसरं बसलेलं. हे वाढलं की साठच्या पुढे गाडीत घूं असा आवाज येतो आणि लोक बेअरिंग गेलं म्हणून बेअरिंग बदलून घेतात. आवाज तसाच. तोच टायर वेळेत पुढे आणला असता तर इंजिनच्या ओढीने ते दाते हळूहळू घासून सपाट झाले असते.

हा रोटेशनचा खरा फायदा. देशावरचा म्हणतात ते खरंच आहे, रबर वाढत नाही. पण वाकडा घासलेला टायर नक्षी शिल्लक असतानाच फेकावा लागतो, आवाजामुळे किंवा एका कडेमुळे. सारखा घासलेला टायर शेवटपर्यंत वापरता येतो. आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे चारही टायरची पकड सारखी राहते.

आता कधी. ८ ते १० हजार किलोमीटरला एकदा. मारुतीची सर्व्हिसिंग १० हजारांना किंवा वर्षाला असते, तेव्हाच सांगून करून घ्यायचं, लक्षात ठेवायला सोपं. घाटात, खडबडीत रस्त्यावर जास्त चालणारी गाडी असेल तर ७-८ हजारांनाच करावं. पहिलं रोटेशन सगळ्यात महत्त्वाचं. नव्या टायरची नक्षी खोल असते, ठोकळे उंच असतात, ते हलतात, आणि पहिल्या काही हजारांत जे वळण पडतं ते पुढे वाढतच जातं. गाडी कमी चालत असेल तर वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर दिवाळीच्या आसपास.

कसं. पुढच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीत पुढचे दोन सरळ मागे जातात, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. मागचे दोन बाजू बदलून पुढे येतात, मागचा डावा पुढे उजवीकडे, मागचा उजवा पुढे डावीकडे. टायरच्या अंगावर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर बाजू बदलायची नाही, त्याच बाजूला पुढे-मागे एवढंच. "आउटसाइड" असं छापलेलं असेल तर ती बाजू बाहेर राहिली की झालं, असा टायर डावीकडून उजवीकडे जाऊ शकतो.

तुमच्या गाडीचं ठरवायचं तर मला आकडे लागतील. नक्षीची खोली मोजायचं छोटं गेज मिळतं, शे-दीडशे रुपयांना. प्रत्येक टायरवर तीन ठिकाणी मोजा: बाहेरची कड, मधोमध, आतली कड. आतली कड मोजायला पुढची चाकं स्टिअरिंगने पूर्ण वळवून घ्या, मग हात पोचतो. नक्षीच्या खाचेत मध्येमध्ये रबराचे उंचवटे असतात ते टाळून मोजा, ते १.६ मिलिमीटरचे असतात. नक्षी घासून त्या उंचवट्याला टेकली की टायर कायद्यानेही संपला. पण पावसात तिथपर्यंत थांबू नका, ३ च्या खाली गेलेल्या टायरला पाणी बाजूला ढकलणं नीट जमत नाही.

टायरच्या अंगावरचे शेवटचे चार आकडे पण लिहून आणा. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन साल. स्टेपनीचेही पाहा.

देशावरचा

गारगोटीकर, बाकी पटलं. पण जुने टायर मागे टाकू नका का म्हणता? तुम्हीच म्हणालात की ब्रेक, वळण, ओढ सगळं पुढे. मग चांगले टायर पुढेच नकोत का? आमच्याकडे सगळे दुकानदार नवी जोडी पुढेच टाकतात.

गारगोटीकर

टाकतात, कारण गिऱ्हाईक तसंच मागतं आणि बदलायचे टायरही पुढचेच असतात, ते काढले की नवे तिथेच बसवणं सोपं पडतं. पण मोठ्या टायर कंपन्यांचं सांगणं उलट आहे: दोनच नवे घेतले तर ते मागे.

पुढचा टायर पाण्यावर सुटला तर तुम्हाला स्टिअरिंगमध्ये कळतं. हलकं होतं. गाडी वळायचं सोडून सरळ जाऊ लागते. तुम्ही घाबरून ॲक्सिलरेटर सोडता, वजन पुढे येतं, टायर पुन्हा पकडतो. म्हणजे घाबरल्यावर माणूस जे आपोआप करतो तेच तिथे कामी येतं. मागचा टायर सुटला तर आधी काहीच कळत नाही. कळतं तेव्हा गाडीचा मागचा भाग बाजूला निघालेला असतो. तिथेही माणूस ॲक्सिलरेटर सोडतो, ब्रेक दाबतो, आणि त्याने मागचं वजन आणखी हलकं होऊन गाडी फिरते. ती सावरायला उलट स्टिअरिंग मारावं लागतं, तेही बरोबर तेवढंच. रोज गाडी चालवणाऱ्या बहुतेक जणांना ते जमत नाही, आणि घाटात त्याला जागाही नसते. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कठडा.

कोरड्या रस्त्यावर हे कधी जाणवणार नाही. म्हणूनच दुकानदारांचं आणि गिऱ्हाइकांचं निभावतं. पाणी साचलेल्या उताराच्या वळणावर जाणवतं.

म्हणून माझ्याकडे नियम असा: पुढच्या-मागच्यात दीड मिलिमीटरच्या आत फरक असेल तर बिनधास्त रोटेशन, कुठल्याही महिन्यात. दोनच्या पुढे फरक गेला असेल आणि पुढचे ४ च्या खाली असतील तर पावसाळ्यात ते मागे टाकायचे नाहीत.

जुना परवाना

आमच्या वेळचं सांगतो. ॲम्बेसिडर आणि फियाटला आम्ही पाचही टायर फिरवायचो, स्टेपनीसकट. एक चाक मोकळं झालं की स्टेपनी तिथे, आणि काढलेला स्टेपनीत. पुढे रेडियल टायर आले तेव्हा सांगितलं गेलं की रेडियलची बाजू बदलायची नाही, आतले पट्टे सुटतात. मी आजवर तेच पाळत आलो. गारगोटीकर बाजू बदलायला सांगताहेत, ते चालतं का आता?

गारगोटीकर

काका, चालतं. सुरुवातीच्या रेडियलना तो सल्ला दिला जायचा, आणि त्या काळी तो पाळणं शहाणपणाचंच होतं. आजच्या टायरचे आतले पट्टे आणि त्यांची चिकटवण वेगळी आहे. बाण नसलेल्या टायरची बाजू बदलायला कंपन्या स्वतःच सांगतात. बाजू बदलली की ठोकळे उलट दिशेने घासतात आणि ते करवतीचे दाते बसतात, म्हणून तर बदलायची. एका बाजूने फिरत राहिलेला टायर नुसता पुढे-मागे केला तर अर्धाच फायदा.

पाच टायरचं तुम्ही फार चांगलं आठवण करून दिलंत. स्टेपनी त्याच मापाची, त्याच डिस्कवर असेल तर तिला फिरतीत घ्यायलाच हवं. नाहीतर ती डिकीत पडून म्हातारी होते आणि गाडी विकताना नवीच्या नवी दुसऱ्याला जाते. आता बऱ्याच गाड्यांना लहान मापाची स्टेपनी येते, तिच्यावर ८० च्या वेगाचं स्टिकर असतं, ती मात्र फक्त पंक्चर काढायच्या दुकानापर्यंत. काही गाड्यांना तर २०२० च्या नियमबदलानंतर स्टेपनीच येत नाही, नुसतं पंक्चरचं किट आणि हवेचा सेन्सर.

कोयनाकाठ

गेज आणलं, मोजलं. आधी पोरीला वही-पेन घेऊन बसवलं, तिने लिहून घेतलं. आकडे मिलिमीटरमध्ये, क्रम बाहेरची कड, मधोमध, आतली कड.

पुढचा डावा: ३.८, ४.०, २.३
पुढचा उजवा: ४.०, ४.२, ३.६
मागचा डावा: ६.१, ६.२, ५.८
मागचा उजवा: ६.२, ६.२, ६.०
स्टेपनी: तिन्ही ठिकाणी ७.८

मागच्या डाव्या टायरच्या आतल्या कडेवर तुम्ही सांगितलेत तसे दाते हाताला लागतात. उलट हात फिरवला तर अगदी स्पष्ट. उजव्याला कमी आहेत. बाण कुठेच नाही, "आउटसाइड" असंही काही नाही. शेवटचे आकडे सगळ्यांचे २०२१ चे आहेत, स्टेपनीवर १४२१ आहे.

पुढच्या डाव्या टायरची आतली कड एवढी कमी असेल असं वरून मुळीच दिसत नव्हतं. स्टिअरिंग वळवून खाली वाकल्यावरच कळलं. स्टिअरिंग सरळ धरलं तर गाडी किंचित डावीकडे जाते, ते मी रस्त्याच्या उतारामुळे असेल असं धरून चालले होते. आता काय करू?

गारगोटीकर

ताई, छान मोजलंत. आता चित्र स्पष्ट झालं.

पुढचा डावा टायर आतून खातोय. मध्ये ४ आणि आत २.३, म्हणजे चाक सरळ चालत नाहीये. एक तर टो बाहेर गेलाय, म्हणजे चाकाचं तोंड बाहेरच्या बाजूला उघडलंय, किंवा चाक वरून आत झुकलंय, किंवा दोन्ही. हवेचा दोष नाही. हवा कमी असती तर दोन्ही कडा गेल्या असत्या, जास्त असती तर मधला भाग. एकच कड गेली आणि गाडी त्याच बाजूला ओढतेय, तर खड्ड्यात आदळून काहीतरी हललं असण्याची शक्यता फार. अलाइनमेंट करायच्या आधी गाडी वर घेऊन डावा लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा), त्याचा बुश (सांध्यातलं रबर), बॉल जॉइंट आणि टाय रॉडचं (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचं) टोक हाताने हलवून बघायला सांगा. बुश फाटलेला असताना अलाइनमेंट केलं तर मशीनवर आकडे हिरवे दिसतात आणि गाडी दुकानाबाहेर पडली की पुन्हा तेच. पैसे वाया.

हे दुरुस्त न करता रोटेशन केलं असतं तर पुढे आलेला ६ मिलिमीटरचा चांगला टायरही त्याच ठिकाणी आतून खाल्ला गेला असता. दोष टायरमध्ये नाही, जागेत आहे. म्हणून नेहमी हाच क्रम: आधी टायर वाचायचे, मग दोष काढायचा, मग टायर फिरवायचे.

आता टायरचं. २.३ ची कड घेऊन जुलैत कुंभार्ली उतरायचा नाही, हे नक्की. तो टायर पुढेही नको आणि मागे तर मुळीच नको. पण दोन नवे घ्यायची तुम्हाला गरज नाही. तुमच्या डिकीत ७.८ चा टायर आहे. त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा, त्याच मापाचा एकच नवा घ्या. तो आणि स्टेपनी अशी जोडी होते, दोघांत फरक नावालाच. ही जोडी मागे टाका. आत्ता मागे असलेले ६ चे दोन बाजू बदलून पुढे आणा, म्हणजे डाव्याचे दाते पुढे उजवीकडे येऊन घासले जातील. काही दिवस थोडा आवाज येईल, घाबरू नका. पुढचा उजवा स्टेपनीत जाईल, ३.६ ते ४ आहे, तेवढ्या कामाला उत्तम. पुढचा डावा निकालात काढा.

चार वर्षं डिकीत असलेली स्टेपनी चालेल का, असं तुम्ही विचाराल. चालेल. उन्हात नव्हती, वजनाखाली नव्हती. टायरच्या अंगावर वाकून बारीक भेगा आहेत का बघा, वाल्व्हचं रबर चिरलंय का बघा. वाल्व्ह नवा टाकून घ्या, तो फार महाग नसतो.

त्याच नक्षीचा टायर मिळाला नाही तर मात्र दोन नवे घेऊन तेच मागे. मागच्या दोन चाकांवर दोन वेगळ्या नक्ष्या पावसात नकोत.

बॅलन्सिंग चारही चाकांचं करा. मागे असलेल्या चाकाचं वजन थोडं इकडेतिकडे असेल तर तुम्हाला कळत नाही, तेच पुढे आलं की ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि लोक म्हणतात रोटेशन केल्यापासून गाडी बिघडली. शिशाची वजनं ग्रॅमवर लावतात, एका चाकाला खूप लागत असेल तर टायर डिस्कवर फिरवून बसवायला सांगा.

देशावरचा

एकच टायर घ्यायचं डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही डिकीत अशीच आहे स्टेपनी, आज जाऊन माप बघतो. एक विचारतो: आमची दुसरी गाडी बोलेरो आहे, तिचं कसं?

गारगोटीकर

बोलेरोला ओढ मागच्या चाकांना, म्हणून उलटं. मागचे दोन सरळ पुढे, पुढचे दोन बाजू बदलून मागे. अंतर तेच. फोर बाय फोर असेल तर आणखी काटेकोर राहा. चारही टायरचा घेर सारखा नसेल आणि डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावून ठेवलं तर मधल्या यंत्रणेवर नाहक ताण येतो. हवेचा सेन्सर असलेल्या गाड्यांत रोटेशननंतर तो रीसेट करावा लागतो, नाहीतर पुढच्या डाव्यात हवा कमी झाली तर दिवा दुसऱ्याच चाकाचा लागतो. पद्धत गाडीच्या पुस्तकात असते.

आणि एक, सगळ्यांसाठी. रोटेशन सांगितलं की झालंच असं धरू नका. गाडी देण्याआधी चारही टायरच्या आतल्या अंगावर खडूने पुडा (पुढचा डावा), पुउ, माडा, माउ (मागचा उजवा) लिहा. परत घेताना बघा कुठलं कुठे आलंय. दहा सेकंदांचं काम आहे.

कोयनाकाठ

झालं सगळं. लिहून ठेवते, कुणाला उपयोग होईल.

डाव्या लोअर आर्मचा बुश फाटलेलाच होता. गाडी वर घेऊन मेकॅनिकने पहार घालून हलवलं तेव्हा मला स्वतःला दिसलं, चाक हलत होतं आणि रबर उघडं पडलं होतं. गेल्या वर्षी पाटणच्या अलीकडे एका खड्ड्यात गाडी जोरात आदळली होती, तेव्हाचंच असणार. दोन्ही बाजूंचे बुश बदलले, मग अलाइनमेंट. आधीच्या कागदावर डाव्या चाकाचा टो लाल होता, नंतरच्या कागदावर दोन्ही बाजू हिरव्या.

टायर त्याच नक्षीचा मिळाला, दोन दुकानं फिरावी लागली. ४,३०० रुपयांना पडला, तारीख या वर्षीची बघून घेतली. तो आणि स्टेपनी मागे, मागचे बाजू बदलून पुढे. खडूच्या खुणा केल्या होत्या, त्यावरून कळलं की मागचे दोन बाजू न बदलता नुसते सरळ पुढे आणून लावले होते. खुणा दाखवल्यावर मुलाने काही न बोलता बदलून दिले. टायर, दोन बुश, मजुरी, अलाइनमेंट, बॅलन्सिंग मिळून साडेसात हजारांच्या आत झालं. दुकानात सांगितलेल्या दोन नव्या टायरनाच त्याहून जास्त गेले असते, आणि बुश तसाच फाटका राहिला असता.

स्टिअरिंग आता सरळ धरलं की गाडी सरळ जाते. साठला थोडी घरघर येते, तुम्ही म्हणालात तशी.

एक शंका: नट त्यांनी हवेच्या बंदुकीने टर्रर करून आवळले. ते बरोबर आहे का? आणि हवा किती ठेवू? कुणी ३५ म्हणतं, कुणी ३०.

गारगोटीकर

बुश सापडला हे फार बरं झालं, ताई.

नट बंदुकीने आवळायला हरकत नाही, पण शेवटची आवळ हाताच्या टॉर्क पान्यानेच (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) हवी, समोरासमोरचे नट आळीपाळीने घेत. नुसत्या बंदुकीवर सोडलं तर एक नट ढिला आणि एक इतका घट्ट राहतो की रस्त्यात पंक्चर झाल्यावर गाडीतल्या पान्याने तो तुम्हाला सुटणारच नाही. उद्या घरीच बघा: गाडीतला पाना लावून प्रत्येक नट थोडा सैल करून पुन्हा आवळा, चाक जमिनीवर टेकलेलंच असू द्या. एखादा सुटतच नसेल तर त्या दुकानात परत जा आणि टॉर्क पान्याने करून घ्या, किती आवळायचं तो आकडा गाडीच्या पुस्तकात आहे. आणि चिपळूणला निघायच्या आधी, म्हणजे पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर, एकदा पुन्हा सगळ्या नटांना पाना लावून बघा. चाक काढून बसवलं की नट थोडे बसतात.

हवा ना ३५, ना ३०. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर आहे, त्यावरचा आकडा. कमी माणसं आणि पूर्ण भार असे दोन आकडे दिले असतील तर सासूबाई, लेक आणि डिकी भरून सामान असताना पूर्ण भाराचा घ्या. तपासायची सकाळी, गाडी फिरायच्या आधी. पंप लांब असेल तर दोन-तीन किलोमीटरवरच्या जवळच्या ठिकाणी. स्टेपनीत दोन-तीन पॉइंट जास्त ठेवा, तिच्याकडे महिनोन्‌महिने कुणी बघत नाही.

घरघर दोन हजार किलोमीटरनंतरही तेवढीच राहिली तर तेव्हा बेअरिंग तपासा, त्याआधी नको. पुढचं रोटेशन ३४ हजारांना. त्या वेळी पुन्हा तीन-तीन ठिकाणी मोजून आकडे इथे टाका, पुढच्या डाव्याची आतली कड मला बघायची आहे.